लॅबवाल्यांची सावड

मे महिन्याचा तिसरा आठवडा, दुपारचे साडेबारा, बाहेर ४४ अंश. जळगावच्या आमच्या विद्यापीठातल्या उपकरण कक्षातला यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे नमुना किती प्रकाश शोषतो ते मोजणारं मशीन, सुरू केला तर तो सेल्फ टेस्टमध्येच अडकला. पडद्यावर एकच ओळ: ड्यूटेरियम दिव्याची ऊर्जा कमी. म्हणजे अतिनील प्रकाश देणारा दिवा मरत आलेला. समोर पीएचडीची विद्यार्थिनी ट्रेमध्ये पंधरा फ्लास्क घेऊन उभी. तिच्या सबमिशनला अठरा दिवस राहिलेले. विक्रेत्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, दिवा स्टॉकला नाही. ऑर्डर टाका, पाच-सहा आठवडे धरून चाला. इंजिनिअर व्हिजिटचे वेगळे."

मग शिरपूर तालुक्यातल्या एका कॉलेजात तेव्हा नाना होते, त्यांना फोन केला. नाना प्रयोगशाळा सहायक, नोकरी बत्तीस वर्षं झालेली. आमच्याकडे आहे तेच मॉडेल त्यांच्याकडेही होतं. "काय करी राहिनी ताई?" म्हणाले. मी रडगाणं सुरू करणार तोच त्यांनी विचारलं, ३४० नॅनोमीटरच्या वर नीट चालतंय का? चालत होतं. म्हणजे दुसरा, दृश्य प्रकाशाचा टंगस्टन दिवा शाबूत. "टेस्ट वगळून पुढे जा. तरंगलांबी ६५६ वर ठेव, टंगस्टन बंद कर, खोलीत अंधार कर आणि नमुन्याच्या खान्यात पांढरा कागद धर. बारीक लाल ठिपका दिसतो का?" ड्यूटेरियमची एक रेषा ६५६.१ नॅनोमीटरवर असते, दिवा जिवंत असेल तर ती कागदावर उमटते. आमच्या कागदावर काही उमटलं नाही. "तास किती झाले?" एकोणीसशे. असे दिवे साधारण हजार ते दोन हजार तास जातात. नाना क्षणभर गप्प. मग म्हणाले, "मनाजोडे एक नवा शे. लई जा." माझ्याकडे एक नवा आहे, घेऊन जा.

दुसऱ्या दिवशी चोपड्यामार्गे जळगावला येणाऱ्या एका सरांच्या पिशवीत, थर्माकोलच्या डब्यात, दिवा आला. सुती हातमोजे घालून बसवला, काचेला बोट लागू दिलं नाही, तासांचा आकडा शून्यावर आणला, तरंगलांबी तपासायच्या होल्मियमच्या फिल्टरवर ३६१ आणि ५३६ ची शिखरं जागेवर आहेत का ते पाहिलं. चार वाजता पहिला नमुना लागला.

हे सगळं सांगितलं ते नानांचं कौतुक करायला नाही, जरी ते त्याला पात्र आहेत. मुद्दा असा की नानांचा नंबर माझ्याकडे त्या दिवशी आला नव्हता. सहा वर्षांपूर्वी एका प्रॅक्टिकल परीक्षेत आमची ओळख झाली होती. त्यांच्या एचपीएलसीचा, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करणाऱ्या मशीनचा, पंप दाब धरत नव्हता, तेव्हा त्याचा चेक व्हॉल्व्ह काढून आयसोप्रोपॅनॉलमध्ये सोनिकेट, म्हणजे ध्वनिलहरींनी साफ, कसा करायचा ते मी त्यांना एका फुलस्केप कागदावर चित्र काढून दिलं होतं. तो कागद त्यांनी अजून लॅमिनेट करून पंपाशेजारी टांगलेला आहे.

माझी आई अमळनेर तालुक्यातली. पेरणी, निंदणी, कापूस वेचणी, कशालाही माणूसबळ कमी पडलं की सावड करायचे. आज आमची माणसं तुमच्या शेतात, परवा तुमची आमच्या. पैसा फिरत नाही, पण हिशोब पक्का असतो, आणि जो नुसताच घेतो त्याच्या बांधावर पुढच्या वर्षी कुणी येत नाही. प्रोफेशनल नेटवर्क, प्रोफेशनल नेटवर्क म्हणून ट्रेनिंगमध्ये जे सांगतात, व्हिजिटिंग कार्ड वाटा, प्रोफाइल बनवा वगैरे, ते प्राध्यापकांना लागू पडत असेल. आपल्याला, म्हणजे परिचर, सहायक, तंत्रज्ञ, तांत्रिक सहायक, वर्कशॉपवाले, संगणक कक्षवाले, यांना सावड लागते. ती कशी उभी करायची ते माझ्या चोवीस वर्षांच्या नोकरीतून सांगते. चुकाही सांगते.

आधी आपली वही

दोनशे पानी वही घ्या. कॉम्प्युटरवर केलं तरी चालेल, पण वही मशीनजवळ राहते. एका मशीनला दोन पानं. बनावट, मॉडेल, सिरियल नंबर, बसवल्याचं वर्ष, दिव्याचे तास, शेवटी कोण दुरुस्त करून गेलं, काय बदललं, बिल किती झालं. समोरच्या पानावर बिघाड: तारीख, पडद्यावर आलेला नेमका संदेश, काय केलं, कशाने सुटलं. 'मशीन बंद होते, चालू केले' अशी नोंद कुणाच्याच कामाची नाही, उद्या तुमच्याही नाही.

शेवटच्या दोन पानांवर दोन याद्या करा. एक, मला डोळे मिटून काय येतं. दुसरी, मला काय येत नाही आणि दरवेळी कुणाला तरी विचारावं लागतं. दुसरी यादी लिहायला हिंमत लागते. माझ्या यादीत आजही एफटीआयआर या इन्फ्रारेड मशीनचं अलाइनमेंट आहे आणि व्हॅक्यूम पंप आहे. पहिल्या यादीतून तुम्ही सावडीत काय घालणार ते ठरतं, दुसरीतून कुणाला शोधायचं ते. यादी नसेल तर माणूस भेटल्यावर आपण 'कसं काय, बरं चाललंय ना' म्हणून चहा पिऊन परत येतो.

माणसं कुठे सापडतात

सगळ्यात चांगली जागा म्हणजे प्रॅक्टिकल परीक्षा. बाहेरून परीक्षक येतात, आपणही कधी दुसऱ्या केंद्रावर सामान घेऊन जातो. परीक्षक आणि विभागप्रमुख केबिनमध्ये जेवायला बसले की तो पाऊण तास आपला. तिथल्या लॅबवाल्याला म्हणा, तुमची लॅब दाखवा. कुणीही आनंदाने दाखवतो, कारण त्याला ते आजवर कुणी म्हटलेलंच नसतं. बघताना काय चांगलं केलंय ते आधी बोला. एका कॉलेजात मी पाहिलं, ब्यूरेटच्या कॉकला व्हॅसलीन लावायची काडी प्रत्येक टेबलाला दोऱ्याने बांधलेली. मी ते उचललं, आणि त्यांना सांगून उचललं. त्यावरून सुरू झालेली ओळख आज अकरा वर्षांची आहे.

दुसरी जागा कुणाच्या लक्षात येत नाही: कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर. आपल्या भागात कोणतं मशीन कुठे आहे, याचा नकाशा त्याच्या डोक्यात असतो. तो काम करत असताना चहा द्या आणि एवढंच विचारा, "हेच मॉडेल अजून कुठे कुठे आहे हो?" तो धुळे म्हणेल, शहादा म्हणेल, फैजपूर म्हणेल. बास. त्या ठिकाणी फोन करून विभाग विचारायचा, आणि लॅबमध्ये कोण असतं ते.

या ओळखीतून पैसेही वाचतात. इंजिनिअर पुण्याहून किंवा मुंबईहून येतो, त्याच्या बिलात प्रवास आणि मुक्कामच मोठा. आम्ही चार ठिकाणी मिळून एकच आठवडा ठरवतो. प्रत्येकाने आपापल्या संस्थेतून वेगळं पत्र द्यायचं, पण त्यात एक ओळ सारखी टाकायची: 'एकाच दौऱ्यात दोन किंवा अधिक संस्थांची कामे झाल्यास प्रवासखर्च समप्रमाणात विभागून आकारावा.' ही ओळ कोटेशन मागतानाच टाका. काम झाल्यावर मागितलं तर कुणी ऐकत नाही.

संशोधन स्पर्धा, नॅकच्या मूल्यांकनाची तयारी, कार्यशाळा याही जागा आहेतच, पण तिथे आपण खुर्च्या आणि प्रोजेक्टर यांतच गुंतलेलो असतो. तिथे फक्त नाव-नंबर घ्या, बोलणं नंतर.

आणि एक. आपल्या जोडणीत फक्त लॅबवाले धरू नका. वायरमन, एसी-फ्रिजचा मेकॅनिक, भांडारातले भाऊसाहेब, काचकाम येणारा माणूस, हे सगळे लागतात. काचकाम करणारे तर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. कुठे सापडला तर जपा. तुटलेला एक कंडेन्सर त्याने जोडून दिला की त्याची किंमत कळते.

वायरमनचं एक जवळून पाहिलेलं सांगते. दर एप्रिल-मेमध्ये आमच्याकडचे बॅलन्स, म्हणजे वजनकाटे, थरथरायचे, स्पेक्ट्रोफोटोमीटरची बेसलाइन नाचायची, पावसाळा लागला की आपोआप थांबायचं. आम्ही मशीनलाच दोष देत राहिलो. एकदा अप्पा वायरमन दुसऱ्याच कामाला आले होते. त्यांनी सहज मल्टिमीटर न्यूट्रल आणि अर्थमध्ये लावला तर अकरा व्होल्ट. दोन-तीनच्या आत हवा. ते मला बाहेर घेऊन गेले, इमारतीमागचा अर्थिंगचा खड्डा दाखवला. आपली काळी जमीन, उन्हाळ्यात भेगाळून दोन बोटं उघडलेली, खड्ड्यात थेंबभर ओल नाही. ओल नसली की जमीन वीज ओढून घेत नाही, अर्थिंग नावालाच राहतं. दोन बादल्या पाणी ओतलं, दीड तासाने परत मोजलं, तर चारवर आलेलं. नंतर मीठ-कोळसा बदलून खड्डा नीट करून घेतला, आणि मार्च ते जून दर सोमवारी एक बादली हा परिचर दादांचा नेम झाला. ही गोष्ट मी पाच कॉलेजांना फोनवर सांगितली. तिघांकडे हेच निघालं. कोणत्याही कंपनीच्या मॅन्युअलमध्ये खान्देशची काळी जमीन नसते.

पहिली बैठक

फोनवर ओळखी झाल्या तरी एकदा समोरासमोर बसावं लागतं. पहिल्या बैठकीला मी तेवीस जणांना बोलावलं, नऊ आले. वाईट वाटून घेऊ नका, नऊ पुष्कळ झाले.

भाषण ठेवू नका. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक काही नको. एक मशीन टेबलावर उघडून ठेवा, बाकी होतं. आम्ही पीएच मीटर घेतला, कारण तो सगळ्यांकडे असतो आणि सगळ्यांकडे बिघडलेला असतो. निरोपातच सांगितलं होतं, येताना आपला मेलेला इलेक्ट्रोड घेऊन या. नऊ जणांनी मिळून अकरा आणले. कुणी रुमालात गुंडाळून, कुणी टूथब्रशच्या डबीत.

प्रत्येक इलेक्ट्रोड आधी ७च्या बफरमध्ये, मग ४च्या बफरमध्ये धरून मिलिव्होल्ट लिहिले. २५ अंशांना एका पीएचमागे साधारण ५९ मिलिव्होल्ट पडतात, म्हणजे ७ आणि ४ मध्ये १७७च्या आसपास फरक हवा. १६०च्या खाली गेला तर साफसफाई, १५०च्या खाली असेल तर बहुतेक खेळ संपला. आमच्या अकरामध्ये फक्त दोन ठीक होते. उरलेले अर्धा तास ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये, मग धुऊन ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये भिजत घातले आणि जेवायला गेलो. डिसेंबरचा शनिवार होता, एका सहकाऱ्याच्या मळ्यात कापसाच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी होती. परत येऊन मोजलं तर आणखी पाच जिवंत झाले. अकरापैकी सात. तेव्हा कळलं की सहा ठिकाणी इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवायची पद्धत होती, 'स्वच्छ राहतो' म्हणून. त्यानेच तो मरतो, आतलं मीठ पाण्यात उतरत जातं.

त्या दिवशी आलेल्यांपैकी एकही जण नंतर तुटला नाही. बरोबर काहीतरी दुरुस्त केलेलं असलं की माणूस लक्षात राहतो.

वेळेचं एक सांगायचं राहिलं. मी बाई असल्यामुळे मला ते आधी सुचलं. बैठक अकरा ते चार ठेवा. नंदुरबारकडून किंवा भुसावळकडून येणाऱ्या ताईला संध्याकाळची गाडी धरून उजेडात घरी पोचता आलं पाहिजे. पहिल्या वेळी नवांत आम्ही दोघीच होतो. वेळ नक्की केल्यावर तिसऱ्या बैठकीला सहा जणी आल्या. मळ्यातली पार्टी रात्रीची ठेवली असती तर त्या कधीच आल्या नसत्या आणि 'बायकांना इंटरेस्ट नाही' असं कुणीतरी म्हणालं असतं.

सुटी टाकून येऊ नका, पत्र घेऊन या. विभागप्रमुखांमार्फत अर्ज करा, 'अमुक उपकरणाच्या देखभालीबाबत अनुभवांची देवाणघेवाण' असा विषय लिहा, परत आल्यावर एका पानाचा अहवाल द्या. अहवालात 'दोन इलेक्ट्रोड दुरुस्त, नवीन खरेदी टळली' हे वाक्य असू द्या. पुढची परवानगी त्या वाक्यावर मिळते.

देणं-घेणं कागदावर

आता माझी चूक. विद्यापीठात येण्याआधी मी एका तालुक्याच्या कॉलेजात होते. शेजारच्या कॉलेजातल्या दादांनी प्रॅक्टिकलसाठी आठ दिवस मॅग्नेटिक स्टरर मागितला. ओळखीचे, भले माणूस. दिला. कागद काही केला नाही. महिन्याभरात त्यांची बदली झाली, स्टरर तिथल्या कपाटात गेला, आणि मार्चमध्ये आमच्याकडे साठा पडताळणी लागली. डेड स्टॉक रजिस्टरला स्टरर आहे, टेबलावर नाही. मी सांगितलेलं कुणाला खोटं वाटलं नाही, पण रजिस्टरला तोंडी चालत नाही. साडेचार हजार भरले. स्टरर सापडला तो आठ महिन्यांनी, तेव्हा तो घ्यावा कोणत्या नोंदीखाली हा नवा घोळ.

तेव्हापासून माझ्याकडे चार ओळींचा मसुदा तयार असतो. तुम्हीही उतरवून घ्या:

'मा. विभागप्रमुख यांस, विषय: उपकरणाचा सुटा भाग तात्पुरता देण्याबाबत. महोदय, ____ येथील याच बनावटीच्या उपकरणासाठी आपल्या विभागातील ____ (साठा नोंदवही पान क्र. __) दि. __ पासून दि. __ पर्यंत परत करण्याच्या अटीवर देण्यास परवानगी मिळावी. भाग हरवल्यास किंवा खराब झाल्यास घेणारी संस्था तोच भाग नवीन भरून देईल.'

दोन प्रती, दोन्हीकडच्या विभागप्रमुखांच्या सह्या, एक प्रत भांडारात. दिव्यासारखी झिजणारी वस्तू असेल तर 'तोच परत' असं लिहू नका, 'नवीन आल्यावर नवीन देणे' असं लिहा. नानांच्या दिव्याच्या वेळी कागद मीच आधी पाठवला, दिवा नंतर आला. नानांनी मागितला नव्हता. म्हणून तर आधी पाठवायचा.

काय पाठवायचं नाही तेही पक्कं ठेवा. ॲसिड, सॉल्व्हंट, गॅस सिलिंडर कुणाच्याही पिशवीतून, एसटीतून, रेल्वेतून जात नाहीत, कितीही अडलेलं असो. भरलेल्या बसमध्ये ईथरची बाटली फुटली तर काय होईल याचा विचार करा. दुसऱ्याचं वॉरंटीतलं किंवा वार्षिक देखभाल करारातलं मशीन आपण उघडायचं नाही. सील तुटलं की कंपनी हात वर करते आणि नाव आपलं येतं. निविदा उघडायच्या आधी दर सांगायचे नाहीत. आणि दुसऱ्याच्या विद्यार्थ्याचा डेटा, ग्राफ, नमुन्याचं नाव फोटोत दिसत असेल तर तेवढा भाग झाकून फोटो पाठवायचा.

ग्रुप

व्हॉट्सॲप ग्रुप लागतोच. माझा पहिला ग्रुप सहा महिन्यांत मेला, गुड मॉर्निंगच्या गुलाबांखाली. दुसऱ्यात तीनच गोष्टी ठरवल्या. विचारताना मॉडेल, पडद्याचा फोटो आणि 'मी आत्तापर्यंत हे करून पाहिलं' हे तिन्ही असलंच पाहिजे. सुटल्यावर कशाने सुटलं ते विचारणाऱ्यानेच लिहायचं. आणि संघटनेचं, पगाराचं, बदलीचं राजकारण इथे नाही. त्यासाठी शिक्षकेतरांची संघटना आहे, तिथे मीही जाते. तिसरी अट सगळ्यात कठीण, पण तीच पाळल्यामुळे परस्परविरोधी गटांतली दोन माणसं आमच्या ग्रुपवर एकमेकांना ओव्हनचा थर्मोस्टॅट समजावून सांगतात.

ग्रुपवरचं सगळं वाहून जातं. म्हणून महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एक जण सुटलेले बिघाड एका शीटमध्ये उतरवतो. पाळीपाळीने. हे काम कंटाळवाणं आहे आणि जो टाळतो त्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं.

जिल्ह्याच्या बाहेर

१९९०च्या आधी आपल्याकडची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, तेव्हाचे जुने लॅबवाले पुण्याच्या खेपा करायचे आणि त्यांच्या तिकडे ओळखी होत्या. आपलं विद्यापीठ झालं ते चांगलंच, पण त्या खेपा थांबल्या. त्या पुन्हा जोडायला हव्यात.

आय-स्टेम या राष्ट्रीय पोर्टलवर देशभरातली संशोधन उपकरणं नोंदलेली आहेत, कुठे काय आहे ते तिथे शोधता येतं. मुंबईच्या आयआयटीत सैफ हे प्रगत विश्लेषण उपकरणांचं केंद्र आहे, तिथे बाहेरचे नमुने शुल्क घेऊन तपासतात. आणि धुळ्यातून आग्रा रोडने वर गेलं की इंदूर. तिथे यूजीसी आणि अणुऊर्जा विभाग यांचं, यूजीसी-डीएईचं, संशोधन केंद्र आहे, विद्यापीठांतल्या संशोधकांसाठीच उभं केलेलं. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे प्रशिक्षण कार्यक्रमही असतात. जाहिरातीत 'फॅकल्टी व रिसर्च स्कॉलर' असं लिहिलेलं असलं तरी विचारायला लाजू नका, तांत्रिक कर्मचारी चालतात का ते. काही वेळा हो म्हणतात.

माझा सल्ला एवढाच, नमुने कुरिअरने पाठवता तसे एकदा स्वतः घेऊन जा. विद्यार्थ्याबरोबर जायची परवानगी काढा. मी एक्सआरडीचे, म्हणजे क्ष-किरणांनी तपासायचे, नमुने घेऊन एकदा अशीच गेले. तिथले ऑपरेटर काहीच न बोलता आमची पावडर अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळून बघत होते. मग म्हणाले, "खरखरीत आहे, अजून घोटा. मैद्यासारखी हवी." आमचे वर्षभराचे ग्राफ का खडबडीत यायचे ते तिथे समजलं. मी त्यांच्याकडे उभी राहून घोटली. ते वाक्य ईमेलमध्ये कुणी लिहिलं नसतं. निघताना त्यांचा नंबर घेतला, परत आल्यावर सुधारलेला ग्राफ पाठवला. त्यांना तो पाठवणारे आम्ही पहिलेच, असं ते म्हणाले.

नाव

नेटवर्क वाढवायचं तर आधी आपण दिसलो पाहिजे, आणि आपण दिसत नाही. प्रबंधात आईवडील, मार्गदर्शक, मित्रमंडळी, देव, सगळ्यांचे आभार असतात. मशीन चालवणारा 'प्रयोगशाळा कर्मचारी वर्ग' या तीन शब्दांत. ब्रिटनमध्ये २०१७ साली टेक्निशियन कमिटमेंट नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात विद्यापीठं लेखी सही करतात की तांत्रिक कर्मचाऱ्यांना ओळख देऊ, श्रेय देऊ, पुढे जायची वाट देऊ आणि त्यांचं कौशल्य टिकवू. आपल्याकडे तसलं काही येईल तेव्हा येईल. तोवर मी नमुन्याच्या अर्जाखाली एक ओळ छापून घेतली आहे: 'या मोजमापाचा उपयोग प्रकाशनात केल्यास उपकरण कक्ष व उपकरणचालकाचे नाव नमूद करावे.' विभागप्रमुखांनी वाचून सही केली, फार काही बोलले नाहीत. तीन वर्षांत पाच पेपरांत नाव आलं. त्यातला एक वाचून कोल्हापूरकडून एका तंत्रज्ञाचा फोन आला, त्यांना आमची नमुना तयार करायची पद्धत हवी होती. झाली ना जोडणी.

कंत्राटी मुलांना यातून वगळू नका. अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर असतात म्हणून आपण त्यांना धरत नाही, पण आज इथे असलेला मुलगा उद्या शहाद्यात, परवा एखाद्या औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये असतो. माझ्या ओळखीतले दोन सगळ्यात उपयोगी नंबर अशाच मुलांचे आहेत.

निवृत्तीच्या आधी

नाना या जूनमध्ये निवृत्त झाले. त्याआधी मी त्यांना एक विनंती केली होती आणि ती तुम्हालाही करते. आपले नंबर माणसाच्या नावाने ठेवलेले असतात, 'नाना शिरपूर', 'ताई फैजपूर'. माणूस गेला की दार बंद. म्हणून वहीत जागेच्या नावाने लिहा: कॉलेज, विभाग, मशीन, आणि त्यापुढे आज तिथे कोण आहे ते पेन्सिलने. निवृत्तीच्या आधीच्या सहा महिन्यांत नव्या माणसाला आपल्यासमोर फोन करायला लावा. नुसता नंबर दिला तर तो करत नाही, संकोच असतो.

नानांनी तसंच केलं. एप्रिलमध्ये त्यांच्या जागेवर येणाऱ्या पोराला शेजारी बसवून स्पीकरवर फोन लावला. पोरगा तेवीस-चोवीसचा, आवाजात भीती. "मॅडम, एफटीआयआरमध्ये रेषा वाकडी येतेय." मी म्हटलं, ताई म्हण. पॉलिस्टायरीनची फिल्म लावून १६०१ चं शिखर कुठे येतं ते विचारलं, आतलं सिलिका जेल निळं आहे की गुलाबी ते विचारलं. गुलाबी झालेलं, म्हणजे ओल शिरलेली. ते बदलायला सांगितलं. पण अलाइनमेंटचंही काही असावं असं वाटलं, आणि ते माझ्या दुसऱ्या यादीतलं, मला येत नाही. त्याला फैजपूरकडच्या ताईंचा नंबर दिला. फोन ठेवल्यावर आधी मी त्यांना लावला, म्हटलं, एक पोरगा फोन करेल, नवीन आहे, घाबरतो, जरा सावकाश सांगा.